वारसा कोणाचा? हेल्मुट होल्ट्झहाउअर आणि वायमारचं संग्रहालय



विषयाची घोषणा झाल्यावर काहींनी विचारलं, हे होल्ट्झहाउअर कोण? प्रश्न रास्त आहे. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात त्यांचं नाव सापडत नाही. साहित्याच्या इतिहासात फार तर एखाद्या तळटीपेत भेटतात. तरीही आजचा सगळा वेळ आम्ही या माणसाला देणार आहोत, आणि त्याला कारण आहे. या व्याख्यानमालेत आपण संस्कृती, परंपरा, वारसा हे शब्द वारंवार वापरतो. वारसा म्हणजे काय, तो कोणी सांभाळायचा आणि कोणाच्या नावाने सांभाळायचा, हे प्रश्न या एका आयुष्यात इतके एकवटलेले आहेत की त्यांच्याविषयी हवेत बोलण्याची गरजच उरत नाही.

आयुष्याची रूपरेषा आधी सांगतो. हेल्मुट होल्ट्झहाउअर यांचा जन्म 1912 साली लाइपझिगला झाला. लाइपझिग म्हणजे जर्मन पुस्तकव्यवसायाची राजधानी, आणि यांचं शिक्षणही पुस्तकविक्रीच्या धंद्यातलंच. विद्यापीठातून आलेले हे गृहस्थ नव्हेत, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. तरुणपणीच ते कम्युनिस्ट झाले आणि नाझी राजवटीत त्यांनी तुरुंगवास भोगला. 1945 नंतर पूर्वेकडचा भाग सोव्हिएत ताब्यात आला, तेव्हा अशा माणसांची गरज होती. कोरी पाटी, तुरुंगाचा दाखला, वाचनाची आवड. लाइपझिग महापालिकेत शिक्षणखातं त्यांच्याकडे आलं. 1948 ते 1951 या काळात ते सॅक्सनी प्रांताचे शिक्षणमंत्री होते. 1951 साली पूर्व जर्मनीच्या सरकारने कलाविषयक राज्य आयोग नेमला आणि त्याचं अध्यक्षपद त्यांना दिलं. हा आयोग जेमतेम अडीच वर्षं टिकला. 1954 मध्ये होल्ट्झहाउअर वायमारला गेले. तिथे जर्मन अभिजात साहित्याची राष्ट्रीय संशोधन आणि स्मृतिस्थळं या लांबलचक नावाची संस्था नुकतीच, 1953 साली, स्थापन झाली होती. तिचे ते संचालक झाले, आणि 1973 च्या डिसेंबरात मृत्यू येईपर्यंत संचालकच राहिले. म्हणजे जवळपास वीस वर्षं.

आता बघा, या आयुष्याची वाटणी करण्याची एक सोपी रीत आहे. बर्लिनची अडीच वर्षं वाईट, वायमारची वीस वर्षं चांगली. आधी कलावंतांचा छळ करणारा अधिकारी, नंतर गटे आणि शिलर यांच्या वस्तू निगुतीने जपणारा सुसंस्कृत संचालक. जणू राजकारणातून सुटका झाली आणि माणूस सुधारला. आम्हाला ही वाटणी पटत नाही. बर्लिनमध्ये आणि वायमारमध्ये एकच विचार काम करत होता, असं आमचं म्हणणं आहे. फरक पडला तो विचारात नव्हे, समोर काय होतं यात.

प्रथम बर्लिन. 1951 च्या मार्चमध्ये सत्ताधारी पक्षाच्या केंद्रीय समितीने कलेतल्या 'रूपवादा'विरुद्ध ठराव केला. रूपवाद हा शब्द इथे आपल्या समीक्षेतल्या अर्थाने घेऊ नका. तिथे ती शिवी होती. ज्या कलेत आशयापेक्षा आकार वरचढ, जी सामान्य माणसाला परकी वाटते, जी राष्ट्रीय परंपरेपासून तुटलेली आहे, ती रूपवादी. अमूर्त चित्रं, बाराश्रुती संगीत, बाउहाउसची वास्तुकला, सगळं एकाच पोत्यात. आणि पर्याय कोणता? समाजवादी वास्तववाद आणि अभिजात वारसा. हे 'आणि' महत्त्वाचं आहे. कारण नव्या कलावंताला झोडपायला जी काठी वापरली, ती मार्क्सची कमी आणि गटेची जास्त होती.

उदाहरणं देतो. 1951 च्या अखेरीस बर्लिनच्या कला अकादमीत एर्न्स्ट बारलाख या शिल्पकाराचं प्रदर्शन भरलं. नाझींनी बारलाखच्या कलाकृती 'अधःपतित' ठरवून हटवल्या होत्या. आता समाजवादी राज्याच्या वृत्तपत्रांनी त्याच माणसाला निराशावादी, भूतकाळात अडकलेला ठरवलं. ब्रेख्तना बारलाखच्या बाजूने लिहावं लागलं. दुसरं उदाहरण संगीतकार हान्स आइस्लर यांचं. पूर्व जर्मनीचं राष्ट्रगीत ज्यांनी स्वरबद्ध केलं, तेच हे. त्यांनी फाउस्टच्या कथेवर ऑपेराची संहिता लिहिली, ती 1952 मध्ये छापली गेली. त्यांचा फाउस्ट शेतकऱ्यांच्या बंडाच्या काळातला विद्वान आहे आणि तो आपल्याच माणसांचा विश्वासघात करतो. 1953 मध्ये गदारोळ उठला. राष्ट्राच्या थोर नायकाची विटंबना झाली म्हणे! आइस्लर खचले. त्या ऑपेराचं संगीत त्यांनी कधीच पूर्ण केलं नाही. आज आपल्या हाती नुसती संहिता आहे.

या प्रत्येक हल्ल्यामागे होल्ट्झहाउअर यांचा हात होता, असं आम्ही म्हणत नाही. बराचसा मारा वृत्तपत्रांतून झाला. पण नाटकं, संगीत आणि चित्रकला यांच्यावर ज्या सरकारी यंत्रणेचा अंमल चालत होता, तिच्या खुर्चीवर ते बसले होते आणि धोरण हेच होतं. 17 जून 1953 ला कामगारांचा उठाव झाला, तो रणगाड्यांनी मोडला गेला. त्यानंतर काही आठवडे बोलायला थोडी जागा झाली, तेव्हा कलावंतांनी पहिलं बोट दाखवलं ते याच आयोगाकडे. ब्रेख्तनी आयोगावर एक उपरोधिक कविता लिहिली आणि वृत्तपत्रात लेखही लिहिला. वोल्फगांग हारिख नावाच्या तरुण तत्त्वज्ञाने आयोगावर उघड आणि कडक टीका केली. या हारिख यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहेत. 1954 च्या आरंभी आयोग गुंडाळला गेला, नवं संस्कृती मंत्रालय आलं, कवी योहानेस बेखर मंत्री झाले. आणि होल्ट्झहाउअर यांची रवानगी वायमारला झाली.

वायमार म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. थुरिंगियातलं लहानसं शहर. गटे इथे 1775 मध्ये आले आणि 1832 मध्ये इथेच वारले. शिलर आयुष्याची शेवटची वर्षं इथे राहिले. हेर्डर इथलेच. 1885 मध्ये गटेचा शेवटचा नातू वारला, घर आणि संग्रह राज्याकडे आले, तेव्हापासून तिथे राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याच वर्षी गटे सोसायटी स्थापन झाली. 1896 मध्ये हस्तलिखितांसाठी नदीकाठच्या टेकाडावर स्वतंत्र इमारत उभी राहिली. घरं, बागा, दफ्तर, ग्रंथालय, कबरी, हे सगळं नव्या संस्थेने एका छताखाली आणलं. आणि तिच्या दारात उभा केला गेला लाइपझिगचा पुस्तकविक्रेता.

काम त्यांनी चोख केलं, हे मान्य करायला हवं. युद्धानंतरची डागडुजी, संग्रहांची नीट मांडणी, ग्रंथसूची, नव्याने उभारलेलं गटे संग्रहालय. त्यांच्या संस्थेने 'जर्मन अभिजात लेखकांचं ग्रंथालय' ही पुस्तकमाला चालवली. नेटक्या बांधणीचे, प्रस्तावना आणि टिपांसह संपादलेले, खिशाला परवडणारे खंड. कारखान्यातल्या माणसाच्या घरातही लेसिंग आणि हाइन असावेत, ही त्यामागची इच्छा होती. पुस्तकविक्रेत्याचं शिक्षण इथे कामी आलं, नाही का? विद्वानांसाठी आवृत्ती काढणारे पुष्कळ असतात, वाचकांसाठी काढणारे थोडे. गटे सोसायटीचंही असंच. 1961 मध्ये भिंत उभी राहिल्यावर दोन जर्मनींमधलं जवळजवळ सगळं तुटलं, पण ही संस्था दोन्हींकडे एकच राहिली. 1971 मध्ये होल्ट्झहाउअर तिचे अध्यक्ष झाले. पूर्वेकडचा कम्युनिस्ट आणि त्याच्या सभेत पश्चिमेकडचे प्राध्यापक. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

मग आमची तक्रार काय? तक्रार त्या विचाराशी आहे, ज्याला तिकडे 'वारसा सिद्धांत' म्हणत. त्याचं शास्त्रीय रूप लुकाच यांच्याकडून आलं. थोडक्यात असं: उगवत्या मध्यमवर्गाने, म्हणजे लेसिंग, गटे, शिलर, हेगेल यांनी, मानवतेचं एक स्वप्न मांडलं. पुढे मध्यमवर्गाने ते टाकून दिलं. कामगारवर्गाने ते उचललं. म्हणून गटेचा खरा वारस समाजवादी राज्य. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तर उलब्रिख्त यांनी असं सुचवलं की 'फाउस्ट'चा तिसरा भाग आता आपल्या देशातली श्रमिक जनता लिहिते आहे. हसू नका. बोलणारा माणूस गंभीर होता.

इथे हेगेलचा एक शब्द आठवावा लागतो: 'आउफहेबन'. त्याचे तीन अर्थ. रद्द करणं, जपून ठेवणं आणि वर उचलणं. मराठीत 'उठवणे' त्याच्या थोडं जवळ जातं. आपण बंदी उठवतो म्हणजे ती संपवतो, आणि बसलेल्या माणसाला उठवतो म्हणजे त्याला उभं करतो. जपण्याचा अर्थ मात्र त्यात नाही. हेगेलच्या म्हणण्याप्रमाणे परंपरेशी खरं नातं या तिन्ही क्रिया एकदम करतं. जपायचं, पण जिथे ती खोटी ठरली तिथे मोडायचंही, आणि त्यातून पुढे जायचं. वारसा सिद्धांताने काय केलं? जपणं ठेवलं, वर उचलणं ठेवलं, आणि मोडणं काढून टाकलं. गटेमध्ये रद्द करण्यासारखं काहीच उरलं नाही. आइस्लरचा गुन्हा नेमका हाच होता. त्यांनी फाउस्टमधला भेकड बुद्धिजीवी दाखवला, म्हणजे वारशातला मोडण्याजोगा भाग दाखवला. हेगेलचं नाव घेणाऱ्या राज्यात हेगेलनुसार वागल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. वारस हाच पूर्वजाची परिपूर्ती असेल, तर पूर्वज वारसाविरुद्ध बोलू शकत नाही. गटे उठून 'हे असं नव्हे' म्हणण्याची सोयच राहत नाही. जो वारसा आपल्याविरुद्ध साक्ष देऊ शकत नाही, तो आमच्या मते वारसा नव्हे, ती मालमत्ता. बर्लिनमध्ये ही मालमत्ता काठीसारखी वापरली गेली, वायमारमध्ये ती काचेच्या कपाटात मांडली गेली. विचार तोच.

पण इथेच थांबलो तर होल्ट्झहाउअर यांच्यावर अन्याय होईल. 1933 मध्ये जर्मन विद्यार्थ्यांनी चौकाचौकांत पुस्तकं जाळली, तेव्हा हा तरुण वीस वर्षांचा होता आणि पुस्तकांच्या धंद्यातला होता. त्या पिढीतल्या फॅसिझमविरोधी माणसांसाठी गटे हे शोभेचं नाव नव्हतं. जर्मन म्हणवून घ्यायला काही शिल्लक आहे, याचा तो पुरावा होता. एवढी गरज असलेल्या माणसाला गटेत तडा दिसणं अवघड जातं. त्याचा हट्ट आम्ही समजू शकतो. समजणं आणि मान्य करणं यांत अंतर आहे, इतकंच.

आणि वायमारला तडा शोधायला लांब जावं लागत नाही. शहरापासून आठेक किलोमीटरवर एटर्सबेर्ग टेकडी. तिथे 1937 मध्ये नाझींनी छळछावणी उभारली. 'एटर्सबेर्ग' या नावाशी गटेच्या आठवणी निगडित आहेत, म्हणून ते नाव छावणीला नको, असा आक्षेप वायमारच्या नाझी सांस्कृतिक मंडळींनी घेतला आणि नाव ठरलं बुखेनवाल्ड. म्हणजे छावणी चालेल, कवीचं नाव बाटता कामा नये. सुमारे 56,000 माणसं तिथे मेली. बॉम्बहल्ल्याच्या भीतीने शिलरच्या घरातलं अस्सल सामान हलवायचं ठरलं, तेव्हा दाखवण्यासाठी त्याच्या प्रतिकृती बनवून घेतल्या गेल्या, त्या याच छावणीतल्या कैद्यांकडून. अभिजात वारसा जपण्याचं काम इतक्या भयंकर रीतीनेही होऊ शकतं.

पूर्व जर्मनीने 1958 मध्ये बुखेनवाल्डला भव्य स्मारक उभारलं. पण 1945 ते 1950 या काळात सोव्हिएत सत्तेने त्याच जागेचा कैद्यांसाठी वापर केला आणि तिथे सात हजारांवर माणसं मेली, याचा त्या स्मारकात उल्लेख नव्हता. टेकडीवर फॅसिझमविरोधी शौर्य, खाली शहरात मानवतावाद, असा मेळ बसवला गेला. मधला प्रश्न, म्हणजे गटेच्या गावातच हे का घडलं, कोणी विचारायचा नव्हता. कारण तो विचारला की वारसा साक्ष द्यायला लागतो.

आता नीत्शे. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वायमारची आठवण होते ती यांच्यामुळे. नीत्शे 1900 मध्ये वायमारला वारले. बहिणीने तिथे त्यांचं दफ्तर जमवलं आणि त्या कागदांशी मनमानी केली. 'सत्ताकांक्षा' हे पुस्तक म्हणून जे जगभर वाचलं गेलं, ते नीत्शेने तसं लिहिलेलंच नव्हतं. पुढे ती संस्था हिटलरच्या पायाशी बसली. पूर्व जर्मनीत नीत्शे म्हणजे फॅसिझमचा पूर्वज. त्यांची पुस्तकं तिथे छापली जात नव्हती. ते घर होल्ट्झहाउअर यांच्या संस्थेचं अतिथिगृह झालं. पण हस्तलिखितं? ती 1950 मध्ये गटे-शिलर दफ्तरखान्यात आली आणि तिथे नीट ठेवली गेली. 1961 मध्ये माझ्झिनो मोंतिनारी हा इटालियन कम्युनिस्ट तिथे आला. त्याच्या आणि जोर्जो कोल्लीच्या हातून नीत्शेची पहिली विश्वसनीय समग्र आवृत्ती तयार झाली, ती याच कागदांवरून. बहिणीची कारागिरी उघडी पडली ती समाजवादी राज्याच्या कपाटांतल्या वह्यांमुळे.

हा प्रसंग आम्हाला या आयुष्यातला सर्वांत बोलका वाटतो. सिद्धांताप्रमाणे नीत्शेला वारशात जागा नव्हती. पण दफ्तरखान्याचा धर्म वेगळा असतो. तिथे कागदाला क्रमांक मिळतो, सद्वर्तनाचा दाखला लागत नाही. नावडत्या माणसाची वहीदेखील वाळवीपासून वाचवावी लागते. वायमारमध्ये जे खरोखर चांगलं झालं, ते सिद्धांतामुळे झालं नाही. समोरच्या वस्तूने आपला नियम लादला म्हणून झालं. बर्लिनमध्ये समोर जिवंत कलावंत होते. त्यांना जपायला कपाट नव्हतं, म्हणून ते सिद्धांताच्या तावडीत सापडले.

मात्र हे कौतुकही अर्धंच. परदेशी संपादकाला नीत्शे उघडा आणि देशातल्या वाचकाला बंद, ही कसली राखण? आणि आता हारिख. 1953 मध्ये कलेच्या स्वातंत्र्यासाठी आयोगाला झोडपणारे, पुढे स्वतः कित्येक वर्षं तुरुंगात काढलेले हेच हारिख. 1987 मध्ये पूर्व जर्मनीत नीत्शेकडे नव्याने पाहण्याची चर्चा निघाली, तेव्हा तिला सर्वांत कडवा विरोध यांनी केला. ज्याने पहारेकऱ्यावर टीका केली तो स्वतः पहाऱ्यावर उभा राहिला. म्हणून आम्ही म्हणतो, प्रश्न स्वभावाचा नाही. वारशाची आधी गाळणी करायची आणि मग तो लोकांना द्यायचा, या कल्पनेचा आहे.

एक शेवटची गोष्ट. 1970 च्या नोव्हेंबरात गटेची शवपेटी गुपचूप उघडली गेली. आतली स्थिती बिघडली होती, म्हणून तज्ज्ञांनी अवशेष बाहेर काढून साफ केले, टिकाऊ केले आणि तीन आठवड्यांत परत ठेवले. हे जगाला कळलं 1999 मध्ये, वृत्तपत्रातून. काम बहुधा गरजेचं होतं आणि दक्षतेनेही झालं असेल. पण लोकांचा वारसा म्हणून ज्याचा उद्घोष चालतो, त्याच्या अस्थींविषयी लोकांना काहीच सांगायचं नाही? सगळी संस्था या एका घटनेत दिसते. काळजी पुरेपूर, विश्वास मात्र नाही.

आपल्याकडे या वायमारचे धागे पोचलेले आहेत. विंदा करंदीकरांनी 'फाउस्ट'चा पहिला भाग मराठीत आणला तो याच दशकांत. आणि वायमारच्या राष्ट्रीय रंगभूमीचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांनी विजया मेहतांबरोबर मुंबईत ब्रेख्त उभा केला, 'अजब न्याय वर्तुळाचा' म्हणून, खानोलकरांच्या मराठीत. त्या नाटकाचा प्रश्न तुम्हाला ठाऊक आहे: मूल कोणाचं, जन्म देणारीचं की सांभाळणारीचं? वारसा सिद्धांताच्या कैवाऱ्यांना हे उत्तर सोयीचं वाटेल. आम्ही सांभाळलं, म्हणून आमचं. पण त्या नाटकातली सांभाळणारी मूल ओढत नाही. ओढलं तर ते दुखावेल, म्हणून हात सोडते, आणि म्हणूनच ते तिचं ठरतं.

होल्ट्झहाउअर यांनी सांभाळलं, यात शंका नाही. वीस वर्षं, मनापासून. घरं, बागा, वह्या, पुस्तकं आज उभी आहेत. 1998 मध्ये ते वायमार जागतिक वारसा यादीत गेलं, त्यात त्यांच्या काळच्या कामाचाही वाटा आहे. त्यांना न जमलं ते हात सोडणं. हा दोष एकट्या त्यांचा नाही, एकट्या त्यांच्या पक्षाचाही नाही. जिथे जिथे सरकार, संस्था किंवा समाज एखाद्या कवीला 'आमचा' म्हणतो, तिथे आपण एवढंच विचारावं: हा कवी तुमच्याविरुद्ध बोलला, तर त्याला बोलू द्याल का?

आमचं बोलणं इथे संपवतो. आता प्रश्न घेऊ. विरोधी मत असलेल्यांनी आधी विचारावं.